घुंगटो, कांचळी आणि फेटिया : नांदेड-लातूरच्या तांड्यांतील स्त्रियांचा फाल्गुनवेश

मराठवाड्यातील स्त्रियांच्या जुन्या वेशाचा विचार सुरू झाला की तो बहुधा नऊवारी लुगडे, इरकली किंवा नारायणपेठी काठ आणि खणाची चोळी यांपाशीच थांबतो. परंतु नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, विशेषतः किनवट, माहूर, मुखेड, कंधार, अहमदपूर आणि जळकोट या तालुक्यांतील तांड्यांत, दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत एक अगदी निराळा स्त्रीवेश रोजच्या वापरात होता, जो नेसण्याचा नव्हता, शिवून अंगात घालण्याचा होता, आणि ज्याचा बहुतेक भाग वापरणारी स्त्री स्वतः किंवा तिची आई हाताने भरत असे. बंजारा स्त्रियांच्या या वेशाचे तीन मुख्य भाग म्हणजे फेटिया, म्हणजे भरपूर घेराचा परकर. कांचळी, म्हणजे पाठ उघडी ठेवणारी, बंदांनी बांधायची, आरसे जडवलेली चोळी. आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी, जिला गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, ठिकाणपरत्वे टुकरी किंवा छांटिया म्हणतात. ओढणीचा कपाळावर येणारा भरलेला, जड काठ म्हणजे घुंगटो. हा सारा वेश वर्षभर अंगावर असला तरी त्याची नवी जोडणी फाल्गुनात, होळीला, बाहेर निघत असे, आणि म्हणूनच त्याला वसंतातला वेश म्हणणे रास्त ठरते.

हा वेश दख्खनच्या मातीतला नाही, तो बैलांच्या पाठीवरून आलेला आहे. घेरदार परकर, उघड्या पाठीची चोळी आणि ओढणी ही त्रयी राजस्थान आणि गुजरात या भागांत सर्वत्र आढळते, आणि बंजाऱ्यांच्या बोलीचे नातेही तिकडच्याच भाषांशी जुळते. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य, मीठ आणि इतर माल वाहून नेणे हा या समाजाचा शतकानुशतकांचा व्यवसाय होता. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या रसदीचा भार मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांवरच होता, आणि शाहजहानचा वजीर आसफखान याच्या स्वारीबरोबर भंगी आणि जंगी हे दोन नाईक हजारो बैल घेऊन दक्षिणेत आले, ही परंपरा आजही तांड्यांत सांगितली जाते. या व्यापाराचा पल्ला किती लांबचा होता याची नांदेडकरांना जवळची वाटावी अशी खूण म्हणजे १६७५ साली दिल्लीत शिखांचे गुरू तेगबहादूर यांच्या पार्थिवाला स्वतःचे घर पेटवून अग्नी देणारा लखीशाह हा वणजारा व्यापारीच होता. फिरत्या कुटुंबांचा समूह तो तांडा आणि त्याचा प्रमुख तो नाईक. पुढे समूह स्थिर झाले तरी वस्तीचे नाव तांडा हेच राहिले.

स्थिर होण्याचे कारण रेल्वे हे होते. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद मार्ग नांदेडवरून गेला आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली. जी धान्याची पोती पूर्वी बैल आठवडे चालून नेत, ती आता आगगाडी एका दिवसात नेऊ लागली. बंजारा कुटुंबे गुरे पाळू लागली, रानाच्या कडेला जमीन कसू लागली आणि मजुरीवर जाऊ लागली. व्यापार गेला, बैल गेले, पण बायकांचा वेश मात्र त्यानंतरही पन्नास-साठ वर्षे जवळपास तसाच टिकला. पुरुषांनी धोतर आणि पागोटे किंवा टोपी स्वीकारून आसपासच्या शेतकऱ्यांत मिसळून जाण्याचा मार्ग धरला असताना समाजाची ओळख सांगण्याचे काम एकट्या स्त्रीवेशावर येऊन पडले, ही गोष्ट या वेशाच्या पुढच्या इतिहासात महत्त्वाची ठरली.

ऋतू बदलताच नवे कपडे काढण्याची रीत जगात अनेक ठिकाणी दिसते. युरोप-अमेरिकेत ईस्टरच्या रविवारी नवी हॅट आणि नवा हलका कोट घालून चर्चला जाण्याची प्रथा होती, आणि न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या दिवशी नव्या हॅटांची जणू मिरवणूकच निघत असे. तिकडे हिवाळा सरल्याचा आनंद त्या वेशात होता. मराठवाड्यात वसंत तितका कोवळा नसतो. फाल्गुन उतरता उतरता ऊन तापू लागते, विहिरींचे पाणी खाली जाते, आणि सुगी आटोपल्यामुळे हातात थोडे धान्य, थोडा पैसा आणि थोडी फुरसत असते. किनवट-माहूरच्या डोंगररानात याच सुमारास पळस फुलतो. होळी हा तांड्याचा सर्वांत मोठा सण याच वेळी येतो, आणि त्याची तयारी पौर्णिमेच्या बरीच आधी सुरू होते. लेंगी, म्हणजे होळीनिमित्त स्त्री-पुरुषांनी फेर धरून म्हणायची गाणी, रात्री रात्री चालतात. होळी इतर गावांप्रमाणे संध्याकाळी न पेटवता पहाटे पेटवण्याची रीत अनेक तांड्यांत आहे. आणि मागील होळीनंतर जन्मलेल्या मुलाचा धुंड, म्हणजे त्याला तांड्यात रीतसर सामावून घेण्याचा विधी, याच वेळी होतो. ज्या घरी धुंड असेल त्या घरच्या बायकांच्या अंगावर नवी कांचळी आणि नवा घुंगटो नसणे ही कमीपणाची गोष्ट मानली जाई.

डोक्यापासून सुरुवात केली तर या वेशात सर्वांत लक्ष वेधून घेणारा भाग ओढणीचाच आहे. जाड सुती कापडाची, बहुधा लाल किंवा काळपट तांबड्या रंगाची ही ओढणी डोक्यावरून घेतली की तिचा मधला भाग कपाळावर येतो, आणि तेथे हातभर लांबीची भरलेली पट्टी जोडलेली असते. कवड्या, नाणी, आरसे आणि दाट टाके यांमुळे ही पट्टी इतकी जड होते की वारा आला किंवा स्त्री वाकून काम करू लागली तरी ओढणी डोक्यावरून घसरत नाही. शोभेसाठी वाटणारा हा भाग प्रत्यक्षात ओढणी जागेवर धरून ठेवणारे वजन आहे. चेहऱ्यावर ओढून घेतला की तोच पडदा होतो, मोठ्यांसमोर तो खाली येतो आणि रानात तो उन्हाची तिरीप अडवतो. जुन्या काळी काही गटांतील विवाहित स्त्रिया केसांच्या गाठीत लाकडाची वीतभर काठी उभी बसवून तिच्यावरून ओढणी घेत, त्यामुळे डोक्यावर शिंगासारखा उंचवटा दिसे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात या काठीची नोंद आहे, आणि ती केवळ सवाष्णींनी वापरायची असे, हेही तेथे नमूद आहे. हैदराबाद संस्थानाच्या बाजूला ही रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मागे पडत गेली, आणि आज ती केवळ जुन्या छायाचित्रांत उरली आहे.

डोक्यावरच्या वस्त्रांत आणखी एक जोडी मोजली पाहिजे, ती म्हणजे फुलिया आणि गणो. फुलिया म्हणजे घागर पेलण्यासाठी डोक्यावर ठेवायची चुंबळ. इतरत्र ती जुन्या फडक्याची गुंडाळी असते, पण बंजारा स्त्री ती शिवते, भरते आणि तिच्या कडेने कवड्या लावते. गणो म्हणजे या चुंबळीच्या मागून मानेवर आणि पाठीवर लोंबणारा भरलेला चौकोनी तुकडा. पाण्याच्या रोजच्या खेपांसाठी साधी चुंबळ पुरत असे; ही भरलेली जोडी लग्नातील आणि सणातील पाण्याच्या विधींसाठी राखून ठेवलेली असे, आणि नवरीच्या रुखवतात तिचे स्थान वरचे होते. मराठवाड्यासारख्या टंचाईच्या प्रदेशात पाणी आणण्याचे काम किती कष्टाचे आहे हे ध्यानात घेतले की या समाजाने आपले सर्वांत बारीक भरतकाम पाण्याच्या घागरीखालच्या चुंबळीवर का केले असेल, याचा उलगडा होतो. ज्या कामात दिवसाचा मोठा भाग जातो, ते काम सन्मानाने करण्याची ही रीत होती, आणि अशी दुसरी उदाहरणे फार थोडी सापडतात.

कांचळीची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण ती चोळीहून पूर्णपणे वेगळ्या विचाराने बेतलेली आहे. खणाची चोळी एका कापडातून, कमीत कमी कापाकापी करून, पुढे गाठ मारण्यासाठी शिवली जाते. कांचळी मात्र लहान लहान तुकडे जोडून तयार होते. छातीवरचे दोन भाग, पोटावर खाली उतरणारी पट्टी, दोन बाह्या आणि खांद्यावरचे जोड हे सगळे वेगवेगळ्या रंगांचे असतात, प्रत्येक तुकडा जोडण्यापूर्वी स्वतंत्रपणे भरला जातो, आणि मगच ते एकमेकांना शिवले जातात. पाठीला कापड नसते; मानेमागे आणि कमरेमागे बंद बांधून ती अंगावर बसते. उन्हाळ्यात पाठीवरचा घाम वाळावा आणि ओढणीच्या सावलीत वारा खेळावा, ही सोय त्यात उघड दिसते. पोटावर लोंबणारा भाग फेटियाच्या कमरेवर येतो, म्हणून पुढच्या बाजूने पोट उघडे राहत नाही. बाह्या कोपराच्या वरच संपतात, कारण त्याखाली आणि त्यावर चुडा, म्हणजे हातभर बांगड्या, असतात आणि त्या दिसायला हव्या असतात. कांचळीचा एखादा तुकडा झिजला तर तो उसवून नवा लावता येतो, आणि भरतकाम केलेला चांगला तुकडा जुन्या कांचळीतून काढून नव्या कांचळीत बसवता येतो. त्यामुळे एकाच कांचळीत आई, मुलगी आणि नात यांचे टाके शेजारी शेजारी असणे अगदी शक्य होते.

आरसा बसवण्याची पद्धत साधी वाटते, पण तिच्यात कौशल्य आहे. काचेला भोक पाडता येत नाही, म्हणून आधी आरशावरून दोन उभे आणि दोन आडवे दोरे ताणून त्याला कापडावर धरले जाते, आणि मग या दोऱ्यांत सुई अडकवत कडेने काजासारखा दाट टाका घातला जातो, जो आरशाभोवती कडे तयार करून त्याला कायमचा बसवतो. याखेरीज साखळी टाका, धावदोरा, मासळीच्या काट्यासारखा दिसणारा तिरपा टाका आणि फुली टाका हे नेहमीचे. आकृत्या बहुधा भौमितिक असतात, चौकटी, त्रिकोण, चांदण्या आणि फुल्या, आणि त्या कापडावर आधी रेखाटून घेतल्या जात नाहीत. कापडाचे धागे मोजून, मनातला नमुना बोटांनी उतरवला जातो. रानातून चालताना आरशांच्या लखलखाटाने जनावरे दूर राहतात आणि वाईट नजर परत फिरते, असे तांड्यांत सांगितले जाते.

फेटिया या तिन्हींत आकाराने मोठा, पण भरतकामाच्या दृष्टीने साधा असतो. कमरेचा जाड पट्टा, मधला चुण्यांचा घेर आणि खालची रुंद किनार अशी त्याची मांडणी असते, आणि दोन्ही टोकांना जाड कापड असल्याने तो काट्याकुट्यांतून चालताना फाटत नाही.

कापडाचा रंग पूर्वी मंजिष्ठा, आल आणि नीळ यांसारख्या वनस्पतिज रंगांतून येत असे. १८६९ पासून युरोपात कृत्रिम अलिझरिन तयार होऊ लागल्यावर लाल गिरणी कापड स्वस्त झाले आणि भारतातील बाजारपेठांबरोबर तांड्यांतही पोहोचले. नांदेडला उस्मानशाही मिल्स निघाल्यावर सुती कापडाची सोय जवळच झाली. दोरा, आरसे, लोकरीचे गोंडे आणि मणी आठवडी बाजारांत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांत मिळत. कवड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या हिंदी महासागरातून, मुख्यतः मालदीवकडून, येत आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत हिंदुस्थानाच्या अनेक भागांत सुट्या पैशाच्या जागी चालत. माल वाहणाऱ्या या समाजाच्या हाती त्या चलन म्हणूनच आल्या, आणि चलनातून गेल्यावर कापडावर राहिल्या. नाण्यांचेही तेच झाले. ब्रिटिश राणी-राजांचे मुखवटे असलेले चांदीचे रुपये आणि निजामाचे हाली रुपये भोके पाडून किंवा कड्या लावून गळ्यातील हारांत आणि घुंगट्याच्या काठाला बसवले जात. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले आणि हाली चलन १९५९ साली पूर्णपणे बंद झाले, तरी तांड्यांतील बायकांच्या गळ्यात ते त्यानंतरही अनेक वर्षे होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की हा वेश म्हणजे कुटुंबाची ठेवसुद्धा होता. फिरत्या समाजाला जमीन नसते, पक्के घर नसते, आणि दीर्घकाळ त्यांना कोणी पत देत नाही. म्हणून जे काही साठवायचे ते अंगावर वाहता येईल अशा रूपात साठवले जाते. केसांच्या बटांत गुंफून कानांजवळ दोन्ही बाजूंनी लोंबणारी घुगरी आणि तिला जोडलेली टोपली हे चांदीचे दागिने, गळ्यातील हासली, नाकातील भुरिया, पायांतील वाळे आणि वांकडी, आणि दंडापासून मनगटापर्यंतचा चुडा, जो एके काळी हस्तिदंताचा, मग हाडाचा आणि नंतर प्लास्टिकचा झाला, या सर्वांचे मिळून काही किलो वजन स्त्री रोज अंगावर वागवत असे. दुष्काळ पडला की याच ठेवीतला एखादा दागिना सावकाराकडे जाई. पोटाला मिळाले, पण चांदी परत आली नाही, अशी साखळी १९७२ च्या दुष्काळापर्यंत अनेक घरांत चालू राहिली.

या वेशाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. घुगरी आणि दंडावरचा चुडा ही सवाष्णीची लक्षणे होती, आणि नवरा वारला की ती उतरवावी लागत. मग विधवेच्या कांचळीवर आरसे नसत, रंगही मंद असत, आणि तांड्याच्या कोणत्याही कार्यात ती कोण आहे हे लांबूनच कळत असे. रोजच्या कामात इतके वजन अंगावर वागवणे हेही काही हौसेने स्वीकारलेले नव्हते. ज्या सुनांनी पुढे हा वेश टाकला, त्यांनी परंपरेचा अपमान केला असे म्हणणाऱ्यांनी हा भार कधी स्वतःच्या खांद्यावर तोलून पाहिलेला नसतो.

वेश मागे पडण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. सर्वांत आधी बदल झाला तो मजुरीने. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या आगेमागे तांडे रिकामे होऊ लागले आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जाऊ लागल्या. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालत असल्याने होळीच उसाच्या फडात येऊ लागली. कांचळीवर जे टाके फुरसतीच्या रात्रींत पडायचे, त्या रात्रीच उरल्या नाहीत. दुसरे कारण पाण्याचे आणि धुण्याचे आहे. आरसे जडवलेले कापड दगडावर आपटता येत नाही, म्हणून ते क्वचितच धुतले जाई, आणि शाळेत जाणाऱ्या मुली, दवाखान्यात जाणाऱ्या गर्भवती यांना त्यामुळे इतरांच्या नजरा सोसाव्या लागत. नायलॉनची पाचवारी साडी स्वस्त, हलकी आणि एका तासात वाळणारी होती. आई फेटियात, सून साडीत आणि नात शाळेच्या गणवेशात, असे चित्र साधारण १९७० ते १९९० या काळात मराठवाड्यातील बहुतेक तांड्यांत दिसू लागले.

तिसरे कारण अधिक जुने आणि अधिक कठोर आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि त्याखाली ठिकठिकाणी अनेक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांच्या हालचालींवर पोलिसांची नजर ठेवली गेली. वेगवेगळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे काही गटही या यादीत होते. कायदा १९५२ साली रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, पण संशय कायद्याबरोबर संपला नाही. ज्या समाजातील पुरुष गर्दीत ओळखू येत नव्हते आणि स्त्रिया मात्र मैलभरावरून ओळखू येत होत्या, त्या समाजात संशयाचा भार कोणावर अधिक पडला असेल हे वेगळे सांगायला नको. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत फेटिया आणि घुंगटो पाहताच बदलणारा लोकांचा सूर हेही साडी नेसण्याचे एक मोठे कारण होते. हा वेश हरवला, असे लिहिणाऱ्यांनी तो कोणी हरवायला लावला, हेही लिहिले पाहिजे.

राज्यांच्या सीमांनीही या वेशाच्या नशिबात फरक पाडला. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडमध्ये आले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बीदर जिल्ह्यातून तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये आले, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्याच्याकडे गेले. एकाच तांड्याच्या लेकी-सुना तीन राज्यांत वाटल्या गेल्या. आज तेलंगणात हा समाज अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) या गटात मोडतो. सोयरीक मात्र तशीच सीमेपलीकडे चालते. कर्नाटकातील बळ्ळारी भागातील संडूर येथे लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजाऱ्यांच्या, भरतकामासाठी १९८४ साली संस्था उभी राहिली, तेथील बायकांना कामाची मजुरी मिळू लागली, पुढे संडूरच्या भरतकामाला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट ठिकाणच्या उत्पादनाला कायद्याने मिळणारी ओळख, मिळाली, आणि जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० बैठकीच्या निमित्ताने या कामाच्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन गिनीज बुकात नोंदले गेले. नांदेड-लातूरच्या बाजूला टाके तेच होते, पण असे काही झाले नाही. आणि त्यात कलेची नव्हे तर इच्छाशक्तीची उणीव होती, असेच म्हणावे लागते. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री ज्या समाजातून आले, त्या समाजाच्या स्त्रियांच्या हस्तकलेला महाराष्ट्रात एखादे स्थायी विक्रीकेंद्र सहज मिळू शकले असते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा वेश पुन्हा दिसू लागला आहे, पण तो निराळ्या रूपात. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या जयंतीला, म्हणजे १५ फेब्रुवारीला, नांदेड आणि लातूर शहरांत निघणाऱ्या मिरवणुकांत तरुण मुली फेटिया-कांचळी घालून नाचतात. रामनवमीला वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे भरणाऱ्या यात्रेत तो मोठ्या संख्येने दिसतो. आणि लग्नात हळदीच्या दिवशी तो घालण्याची हौस वाढली आहे. पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही जाणीव निःसंशय चांगली आहे. ज्या वेशाने आजीला लाज वाटायला लावली, तोच नात अभिमानाने घालते, यात सामाजिक अर्थ आहे. पण या नव्या वेशातले भरतकाम बहुधा यंत्राचे असते, आरसे प्लास्टिकच्या टिकल्यांचे असतात, नाणी पत्र्याची असतात, आणि तो तयार होतो शहरातल्या कारखान्यांत. तांड्यातील स्त्रीच्या हाताला त्यातून काम मिळत नाही. वेश उरला आणि शिवणारी नाहीशी झाली तर जपले काय, हा प्रश्न यातून उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिरवणुकीत नाही.

जुन्या अस्सल वस्तूंचे काय होते, हे पाहिले म्हणजे घाई का केली पाहिजे ते कळते. भंगार आणि जुने कपडे घेणारे फेरीवाले तांड्यांतून जुनी कांचळी, घुंगटो आणि गणो भांड्यांच्या बदल्यात किंवा थोड्या पैशांत नेतात. ते कापून त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे आणि भिंतीवरचे पडदे होतात, आणि हे तुकडे मोठ्या शहरांत आणि परदेशांत मोठ्या किमतीला विकले जातात. शार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन यांनी बंजारा वस्त्रांवर २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात अशा वस्त्रांची उत्तम छायाचित्रे आहेत; मात्र बाजारातून हाती आलेल्या तुकड्याबरोबर तो कोणत्या तांड्यातला, कोणी भरला आणि कोणत्या प्रसंगी वापरला, ही माहिती सहसा येत नाही. वस्त्र टिकते आणि त्याची हकिकत नाहीशी होते.

हे थांबवणे फारसे खर्चाचे नाही. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात, आणि लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत तांड्यांतून आलेले शेकडो विद्यार्थी आज शिकत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या आजीकडे बसून एका कांचळीची नोंद केली, तुकडे किती, टाके कोणते, कवड्या कुठून आणल्या, कोणत्या होळीला ती पहिल्यांदा घातली, आणि तिच्या प्रत्येक भागाचे गोरबोलीतले नाव लिहून घेतले, तर एका वर्षात एवढी सामग्री जमेल, जी कोणत्याही संग्रहालयाकडे आज नाही. ज्यांच्या घरी असे वस्त्र पेटीत आहे, त्यांनी ते फेरीवाल्याला देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, शिवणारीचे नाव लिहून ठेवावे, आणि तिला ते काम अजून येत असेल तर घरातल्या एका मुलीला तिच्याजवळ बसवावे.